दोन ग्लासांची परीक्षा

आमच्या अध्यापक विद्यालयाच्या दप्तरात एक मूल होतं. त्याचं वय पाच वर्षे सात महिने. मी नोकरीला लागले तेव्हा ते पाच वर्षे सात महिन्यांचं होतं आणि निवृत्त झाले तेव्हाही तेवढंच होतं.

त्याचं असं होतं. शिक्षक व्हायला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या मुलासमोर बसून काही प्रयोग करायचे आणि 'बालनिरीक्षण वही'त लिहायचे, असा नियम होता. पैकी दोन ग्लासांचा प्रयोग सगळ्यांत सोपा. दोन सारख्या बुटक्या ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं. मुलाने "सारखं आहे" असं कबूल केलं की त्याच्यादेखत एका ग्लासातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता कुठल्या ग्लासात जास्त? लहान मूल म्हणतं, उंच ग्लासात. कारण पाणी वर चढलेलं दिसतं. सहा-सात-आठच्या आसपास केव्हातरी तेच मूल म्हणतं, सारखंच आहे, तुम्ही नुसतं ओतलंत. भांडं बदललं तरी आतली वस्तू तेवढीच राहते, हे कळणं ही बालमानसशास्त्रातली फार मोठी घटना मानतात.

आमच्याकडे ही घटना दर जानेवारीत झेरॉक्सच्या दुकानात घडत असे. कुणीतरी कधीतरी एका खऱ्या मुलासमोर बसलं असणार. त्यानंतर त्याची वही पुढच्या वर्गाकडे, तिथून त्याच्या पुढच्या वर्गाकडे अशी वारसाहक्काने गेली. मुलाचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, वय बदलायचं राहून जायचं. मी सगळं वाचायचे, हसायचे आणि सही करायचे. 'तपासले.' पोरांना नोकरी लागायची होती, मला वह्या संपवायच्या होत्या. "आनुवंशिकता श्रेष्ठ की परिस्थिती?" हा प्रश्नही दरवर्षी पेपरात असायचा, आणि "दोन्हींचा वाटा समान आहे" हे उत्तर दरवर्षी यायचं. इतक्या जुन्या भांडणाचा असा निकाल लावणारी माणसं जगात दुसरीकडे नसतील.

मी मुलांच्या मनाविषयी तीस वर्षं शिकवलं. या काळात माझा स्वतःचा मुलगा रांगला, चालला, बोलायला लागला आणि मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होते.

निवृत्तीनंतर कसबा बावड्यात नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. घर दाखवणाऱ्या माणसाने गॅलरीतून "ओपन व्ह्यू" म्हणून जे दाखवलं तो एक गोठा होता. सात म्हशी, कडब्याची गंज, पत्र्याची शेड आणि हंगामात साखर कारखान्याकडून येणारा मळीचा वास. गोठ्याची मालकीण माझ्याच वयाची. मी रोज सकाळी किटली घेऊन दूध आणायला जायचे, आणि मी शिक्षिका होते हे कळल्यावर ती मला 'बाई' म्हणायला लागली. मी तिला काकू म्हणायचे. त्याच वर्षी तिच्या घरात नात जन्मली.

मला निवृत्तीचा वेळ होता आणि खाली, गॅलरीतून थेट दिसेल असं, एक मूल वाढत होतं. पहिल्यांदाच मी पुस्तक बाजूला ठेवून नुसती बघत बसले. नात आठ महिन्यांची असताना, मी दूध आणायला गेले होते तेव्हा, काकूने तिची वाटी फडक्याखाली झाकली. महिन्याभरापूर्वी अशी वाटी झाकली की तिच्यापुरती ती जगातूनच जायची, पोर दुसरीकडे बघायला लागायची. त्या दिवशी ती फडक्याकडे बघत राहिली. मग फडकं ओढलं. वाटी तिथेच होती. ती हसली नाही, आधी आमच्याकडे वळून बघितलं, जणू आम्हाला हे माहीत होतं का असं विचारत होती. 'वस्तूचे स्थायित्व' हा मथळा मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, आणि खाली पाच मुद्दे. त्या पाचांत हे वळून बघणं नव्हतं.

काकूला माझ्या थक्क होण्याचं नवल वाटायचं.

"बाई, म्हशीचं रेडकू सकाळी जन्मलं तर दुपारपतूर आचळ हुडकतंय. माणसाच्या पोराला सादं उभं ऱ्हायाला वरीस लागतंय. मग ह्यात शाणं कोण?"

"रेडकू शहाणं, काकू. पण ते जन्मभर तेवढंच शहाणं राहतं."

"आणि माणूस?"

"त्याला वेळ लागतो."

"काहींना लईच लागतोय," काकू म्हणाली, आणि समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या आपल्या दिराकडे बघितलं.

पोर चार वर्षांची झाली तेव्हा दूध उंच ग्लासातच हवं म्हणून भोकाड पसरायची. बुटक्या पेल्यात तेवढंच दूध दिलं तर "कमी दिलंस!" म्हणायची. काकूने तिच्यासमोर पेल्यातलं दूध उंच ग्लासात ओतलं की ती खूश. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. मी गॅलरीत उभी राहून मनातल्या मनात 'तपासले' म्हणाले आणि पुढे दोन वर्षं ती गोष्ट विसरले.

ही पोर जवळच्या एका खासगी शाळेत मोठ्या गटात जात होती. त्या शाळेचे संचालक कार्यक्रमांचे शौकीन. शाळेत झाडू आणला तरी त्याचं उद्घाटन होईल अशी परिस्थिती. एका डिसेंबरात ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, आपल्याला मोठ्या गटाची शास्त्रीय चाचणी करायचीय. पहिलीला कोण तयार, कोण नाही, ते कळलं पाहिजे."

"लहान मुलांची अशी चाचणी घ्यायची नसते."

"म्हणूनच आपण तिला 'संवाद' म्हणणार आहोत."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी मला 'ज्येष्ठ बालमानसशास्त्रज्ञ' म्हटलं. दारावर फ्लेक्स लागला, त्यात माझा फोटो संचालकांच्या फोटोच्या निम्म्या आकाराचा होता. शाल, श्रीफळ आणि फेटा. फेट्यात मी कशी दिसत होते ते सांगत नाही. आयुष्यभर अशा कार्यक्रमांना मागच्या रांगेतून हसले होते, आणि त्या दिवशी पुढच्या रांगेत बसल्यावर कळलं की तिथली खुर्ची मऊ असते. मी घरी जाऊन प्रश्नांचा कागद तयार केला. चित्रं ओळखणं, गोष्ट सांगणं, आणि दोन ग्लास. त्यापुढे दोन चौकोन आखले. 'सारखे म्हणाले: तयार.' 'उंच ग्लासात जास्त म्हणाले: अजून नाही.' खाली टीप लिहिली की हे केवळ निरीक्षणासाठी आहे, यावर निर्णय घेऊ नये. टीप बारीक अक्षरात होती. बारीक अक्षर कोण वाचतं हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर ठाऊक असायला हवं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी काकू पहिल्यांदाच माझ्या फ्लॅटवर आली. चप्पल दाराबाहेर काढून उभीच राहिली. हातात शाळेचा कागद.

"बाई, खरं सांगा. आमची पोरगी मठ्ठ हाय व्हय?"

कागदावर छापलं होतं: 'आपल्या पाल्यास आणखी एक वर्ष मोठ्या गटात ठेवणे हितावह.' चित्रं बरोबर, गोष्ट बरोबर. दोन ग्लासांपुढचे दोन्ही चौकोन रिकामे, आणि बाजूला शिक्षिकेच्या हस्ताक्षरात: 'उंच ग्लासात कमी म्हणाली. पुन्हा विचारले असता गप्प. संकल्पना नाही.'

"मी गेलतो शाळंत," काकू म्हणाली. "ते म्हंत्यात, परीक्षा शास्त्रीय हाय. तुमीच काढलीया म्हंत्यात. तुमी काढली असंल तर बरोबरच असणार. म्या काय बोलू?"

"पोर काय म्हणते?"

"काय म्हणंना झालीया. तिच्या गल्लीतल्या समद्या पोरी पहिलीत जाणार. ही तिथंच बसणार, तिच्या धाकट्या चुलतभावाच्या बाकावर. काल म्हणाली, आज्जे, मी शाळंत जाणार न्हाय, मी म्हशी बघतो. सा वरसाची पोर. आसं म्हणावं व्हय तिनं?"

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही. माझं सगळं लक्ष त्या 'कमी'वर होतं. 'सारखं' म्हणणारी मुलं मला पुस्तकांतून माहीत होती, 'जास्त' म्हणणारीही. उंच ग्लासात कमी म्हणणारं मूल मी कुठे वाचलं नव्हतं. आणि याच पोरीने चौथ्या वर्षी उंच ग्लासासाठी भोकाड पसरलं होतं.

संध्याकाळी धारेच्या वेळी मी स्वयंपाकघरातले दोन बुटके पेले आणि सरबताचा एक उंच ग्लास पिशवीत घालून गोठ्यात गेले. काकू म्हशीखाली बसली होती. चरवीत धारेचा आवाज येत होता. पोर पालथ्या बादलीवर बसून माझ्या पिशवीकडे संशयाने बघत होती. ग्लास बाहेर काढले तशी तिने मान फिरवली.

"परीक्षा नाही," मी म्हणाले. "मला एक कळत नाही, ते तुला विचारायला आले."

यावर ती वळली. मी दोन पेल्यांत पाणी घेतलं. तिने डोळे बारीक करून, खाली वाकून, दोन्ही पेल्यांच्या कडा पाहिल्या. एकातलं माझ्या हाताने चमचाभर कमी करायला लावलं. "आता सारखं." मग मी एका पेल्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं.

"आता कुठल्यात जास्त?"

तिने बुटक्या पेल्यावर बोट ठेवलं. "ह्यात. उंचात कमी."

आणि तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "नीट बघ बरं. परत सांग."

ती गप्प झाली. शाळेत झाली असेल तशीच. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "बाई, बरोबर सांगितलं तरी परत का इचारताय?"

मोठं माणूस एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि म्हणून ते उत्तर बदलतं, हा या प्रयोगावरचा जुना आक्षेप आहे. मूल ग्लासाचं कोडं सोडवतंय की विचारणाऱ्याच्या मनाचं, यावर जाणकारांत बरेच वाद झालेत. तो आक्षेप मी शिकवला होता. तीन गुणांसाठी. तो माझ्यासमोर पालथ्या बादलीवर बसून मलाच जाब विचारेल असं वाटलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पण उंचात कमी कसं?"

मी रिकामा करून बाजूला ठेवलेला पेला तिने उचलला आणि आपल्या तळव्यावर उलटा धरला. आम्ही दोघी थांबलो. काचेवरून एक थेंब सावकाश खाली आला आणि तळव्यावर पडला. मग दुसरा. बऱ्याच वेळाने तिसरा.

तळवा माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "हे ह्यातच ऱ्हायलं की. मग तिकडं कमी न्हाय व्हय?"

म्हशीखालून काकूचा आवाज आला, "आमच्यात भांडं वतलं की इसळायचं असतंय, बाई. इसळल्याबिगर रिकामं म्हणायचं न्हाय. माझ्या सासूची रीत. कितीबी वता, अंगाला लागून ऱ्हातंय."

"दुधाचं लई ऱ्हातंय," पोर म्हणाली. "म्हशीचं तर लईच. पाण्याचं थोडं."

"पण उंच ग्लासात पाणी किती वर आलंय बघ की."

"ते बारीक हाय म्हणून." तिला माझी कीव आली असावी. "कट्ट्यावर धारेचं दूध प्यायला आलेली माणसं म्हंत्यात न्हवं का, फेस नको, दूध घाल. उंच दिसलं म्हणून काय झालं?"

मी शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना माझा आवाज जरा खाली आला होता. "समज, पेल्याला काही म्हणजे काही चिकटलंच नाही. एक थेंबसुद्धा नाही. मग?"

असा पेला तिने कधी पाहिलेला नव्हता. कुणीच पाहिलेला नाही. ती क्षणभर म्हशीच्या शेपटीकडे बघत राहिली.

"मग तेवढंच की. मधी कोण पिणार हाय?"

मी त्या पालथ्या बादलीसमोर शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले होते आणि मला उठावंसं वाटेना. दोन वर्षांपूर्वी याच पोरीला उंच म्हणजे जास्त वाटत होतं. त्या दोन वर्षांत एक दिवस असा गेला असणार की सकाळी तिला उंच म्हणजे जास्त वाटलं आणि संध्याकाळी नाही. किंवा असा एक दिवस नसेलच. भांडं विसळता विसळता, थेंबाथेंबाने ते उतरलं असेल. मन पायऱ्यांनी चढतं की सलग चढणीने, यावर माझ्याकडे पुस्तकांचा अर्धा कप्पा भरलेला आहे. आणि मी वरच्या गॅलरीत रोज उभी होते, हातात चहा घेऊन, आणि मला काही दिसलं नाही. तिच्या आजीलाही नाही. खुद्द तिलाही नाही. तिला विचारलं, "लहानपणी तुला उंच ग्लास लागायचा, आठवतं?" तर ती मला खोटारडी समजली.

काकूच्या सासूची रीत नसती तर पोरीने थेंब बघितले असते का? रीत त्या घरात सगळ्यांनाच होती, तिच्या चुलत्यांनाही, आणि त्यांना कधी थेंब दिसल्याचं ऐकिवात नाही. दोन्हींचा वाटा समान, असं लिहून मी सुटू शकले असते. त्या संध्याकाळी ते लिहवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. संचालकांच्या मागे भिंतीवर माझा फेट्यातला फोटो होता. त्यांनी चाचणी घेतलेल्या शिक्षिकेलाही बोलावून घेतलं.

"बाई, तुमचीच चाचणी की!" संचालक म्हणाले.

"माझीच. चुकीची आहे."

"आता कसं? निकाल वाटून झाले."

मी शिक्षिकेला विचारलं, बाकीच्या मुलांनी काय सांगितलं? ती तरुण मुलगी खाली बघत म्हणाली, "सगळी सारखं म्हणाली, बाई. काहीजण तर मी ओतायच्या आधीच म्हणाली."

"ओतायच्या आधी?"

"पहिल्या दिवशी ज्यांचा संवाद झाला, त्यांच्या आयांनी ग्रुपवर टाकलं. दोन ग्लास आले की 'सारखं' म्हणायचं. पोरं घरून पाठ करून आलती."

काकूच्या घरातल्या फोनवर तो ग्रुप नव्हता. म्हणजे सगळ्या गटात एकाच मुलीने ग्लासाकडे बघून उत्तर दिलं होतं, आणि तेवढीच मागे राहिली होती. मला हसू आलं आणि लगेच गेलं. झेरॉक्समधल्या त्या पाच वर्षे सात महिन्यांच्या मुलाला मीच सह्या करून पोसलं होतं. आता ते कागदातून उठून शाळेत आलं होतं.

मी संचालकांकडे दोन ग्लास पाणी आणि एक उंच फुलदाणी मागितली. "तुम्हीच ओता." त्यांनी फुलदाणीतली कागदी फुलं काढली आणि समारंभपूर्वक ओतलं. "सारखं," ते ठामपणे म्हणाले.

"आता रिकामा ग्लास उलटा करा."

त्यांनी केला. खाली निकालांचा गठ्ठा होता. एक थेंब पडला आणि कुणाच्या तरी 'तयार'वर पसरला. मग दुसरा.

"आयला," संचालक म्हणाले. शिक्षिका उभी आहे हे लक्षात येऊन त्यांनी खाकरून "अरेच्चा" केलं. पण ग्लास त्यांनी तसाच धरला होता. तिसऱ्या थेंबाची वाट बघत होते. त्या घटकेला मला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

"हे त्या पोरीनं सांगितलं?"

"दाखवलं. सांगायला तिला कुणी दोन मिनिटं दिली नव्हती."

"मग बाकीच्या पोरांचं काय करायचं आता?"

"पहिलीत घ्या. त्यांचा काय दोष? आणि तिलाही घ्या."

त्यांनी थोडा विचार केला. "घेतो. पण फाइलला तज्ज्ञांचा कागद पाहिजे. तुमच्या सहीचा."

कोरा कागद पुढे आला. 'संकल्पना पूर्ण विकसित' असं लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. मला काय ठाऊक, पूर्ण म्हणजे किती? मी फक्त पाहिलेलं लिहिलं. मुलीने आधी दोन्ही पेल्यांच्या कडा पाहिल्या. ओतल्यावर रिकामा पेला उलटा केला. थेंब पडेपर्यंत थांबली. एकही थेंब राहिला नसता तर तेवढंच राहिलं असतं, असं म्हणाली. खाली चाचणी काढणाऱ्याची चूक म्हणून माझी चूक लिहिली. मग सही केली. नोकरीत हजारो सह्या केल्या होत्या. तपासलेल्या गोष्टीखाली ही पहिली.

संध्याकाळी गोठ्यात जाऊन सांगितलं. काकूने धार थांबवून पदराने तोंड पुसलं आणि मला ग्लासभर धारोष्ण दूध दिलं, फेस बसू देऊन, काठोकाठ.

पोर रेडकाजवळ उभी होती. "पहिलीत परत इचारणार न्हाईत न्हवं?"

"विचारतील," मी म्हणाले. खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. "परत विचारलं तरी तेच सांगायचं. आणि ग्लास उलटा करून दाखवायचा."

तिने ते मनात कुठेतरी ठेवलं. मी दूध संपवून रिकामा ग्लास खाली ठेवणार तेवढ्यात तिने तो हातातून घेतला, घोटभर पाणी घालून गोल फिरवला, आणि ते पांढुरकं पाणी रेडकाच्या बादलीत ओतलं.